तिच्या आवडीचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. दगड म्हटल्यावर तुम्हाला हसू आले असेल, कारण वर्गात कुणाला उत्तर आले नाही की त्याला माझेच नाव देतात. हसा खुशाल. पण मी वाटेत ठेच लागणारा दगड नाही. मी एका स्वयंपाकघरातला ओटा आहे. खिडकीपासून दारापर्यंत ऐसपैस पसरलेला, हात फिरवला तर गुळगुळीत, उन्हाळ्यातही गार. रंग म्हणाल तर तपकिरी, त्यावर राखाडी ठिपके, आणि अंगावरून तिरका गेलेला एक फिकट पिवळा पट्टा. तो पट्टा असा आहे की घरात नवा पाहुणा आला की आधी फडके शोधतो. कुणीतरी काहीतरी सांडले आणि पुसायचे विसरले, असेच त्याला वाटते. बिचारा घासघास घासतो. मग घरचे सांगतात, "अहो, राहू द्या, तो असाच आहे."

माझा जन्म एका डोंगराच्या पोटात झाला. तिथे अंधार होता, पण गर्दी खूप होती, त्यामुळे एकटे कधी वाटले नाही. किती काळ गेला ते मला सांगता यायचे नाही. दगडाला वाढदिवस नसतो. मग एकदा खाणीतली माणसे आली, हिऱ्याचे बारीक दात लावलेली तार फिरू लागली, आणि आमचा एक भला मोठा ठोकळा डोंगरापासून सुटला. पाव कापावा तसा तो ठोकळा कारखान्यात कापला गेला आणि आम्ही सगळी भावंडे पातळ पातळ होऊन उजेडात आलो. माझ्या आधीच्या भावालाही असाच पिवळा पट्टा होता आणि नंतरच्यालाही. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही म्हणतात. आम्ही घाव सोसले, घासून घेतले, आरशासारखी झिलई चढवून घेतली, आणि आमच्या वाट्याला देवपण न येता वखार आली.

ती वखार मात्र मजेची जागा होती. उंच पत्र्याचे छप्पर, समोर मोठे दार, आणि लोखंडी घोड्यांना, म्हणजे उंच चौकटींना, टेकून तिरके उभे केलेले आम्ही दगड. पांढरे, काळे, गुलाबी, लाल. माझ्या शेजारी हिरवा होता. गर्द हिरवा आणि अंगात चंदेरी कण, त्यामुळे दारातून ऊन आले की तो चमचम करी. त्याला स्वतःच्या रूपाचा भारी तोरा होता. मी त्याला मनातल्या मनात हिरवेराव म्हणत असे.

माणसे दगड निवडायला येतात तेव्हा ती फार पाहण्यासारखी असतात. एक बाई तळहाताएवढा नमुन्याचा तुकडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मला अख्खा ओटा अगदी असाच हवा, एक ठिपका इकडचा तिकडे नको." वखारवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, हे कापड नाही. डोंगराने दिला तसा दगड आहे. तुकडा बघून दगड घेऊ नका, अख्खा बघा, आणि बाहेरच्या उजेडात बघा." एक आजोबा प्रत्येक दगडावर बोटाने टकटक करून कान लावत. चांगला दगड खणखणीत वाजतो, आतून तडकलेला बद्द वाजतो. कुणी पाणी शिंपडून थांबत. पाणी वर थेंबाथेंबाने राहिले तर ठीक, आत मुरले तर दगड तहानलेला. असा दगड उद्या तेलही पिणार आणि सरबतही. पांढऱ्या संगमरवराचे तर मला वाईटच वाटे. दिसायला राजबिंडा, पण लिंबाचा एक थेंब पडला की तिथली झिलई गेलीच म्हणून समजा. लिंबू बघितले की त्याचे सगळे राजेपण गळून जाई.

मी सगळ्या परीक्षांत उत्तीर्ण होतो. खणखणीत वाजत होतो, पाणी पीत नव्हतो, लिंबाला भीक घालत नव्हतो. पण मला परीक्षेपर्यंत कुणी नेतच नसे. माणसे हिरवेरावापाशी थांबत, माझ्याकडे एक नजर टाकत आणि पुढे जात. माझी भावंडे केव्हाच एका मोठ्या दुकानाच्या जिन्याला लागली होती. मी राहिलो. वखारवाला मला 'बसलेला माल' म्हणे. हे मला फार लागे, कारण मी आलो तेव्हापासून उभाच होतो. शेवटी त्याने माझ्या कोपऱ्यावर आपली टोपी अडकवायला सुरुवात केली. त्यावरून समजा माझी काय किंमत होती ती.

आणि मग एके सकाळी ती तिघे आली. सासूबाई, सूनबाई आणि मधला तो, म्हणजे एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा. नवे घर होते, नवे स्वयंपाकघर होते. सूनबाईंच्या काखेत कपाटाच्या दाराचा एक नमुना होता आणि पिशवीत लिंबू होते. सासूबाईंनी आपला रोजचा चहाचा कप आणला होता, कोणत्या दगडावर तो शोभतो ते बघायला. मुलाने काहीच आणले नव्हते. "मला काय, पाणी प्यायला भांडं ठेवता आलं की झालं," असे म्हणून तो वखारवाल्याच्या खुर्चीवर जाऊन बसला.

सासूबाई हिरवेरावापाशी आल्या आणि थबकल्या. त्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला तो उचललाच नाही. सूनबाईंनी कपाटाचे दार त्याच्याशेजारी धरून पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. मी शेजारीच होतो, सगळे बघत होतो. मला वाटले, झाले, हा चालला. पण तेवढ्यात एक गंमत झाली. दोघींनी दगडाकडे बघायचे सोडून एकमेकींकडे बघायला सुरुवात केली.

मित्रांनो, या दोघी स्वभावाने फार चांगल्या. इतक्या चांगल्या की स्वतःला काय हवे ते सांगणे दोघींनाही उद्धटपणाचे वाटे. घरात पाऊल ठेवल्यापासून सुनेने ठरवले होते, आईंचे मन मोडायचे नाही. सासूनेही ठरवले होते, पोरीवर आपली मते लादायची नाहीत. त्यामुळे दोघी सदानकदा एकमेकींचे मन ओळखण्यात गुंतलेल्या असत.

सासूबाईंच्या चपलेत खडा गेला होता. तो काढायला त्या मला टेकून उभ्या राहिल्या. सूनबाईंना वाटले, आई याच्यापाशीच थांबल्या, यांना हाच आवडलेला दिसतो. मग त्या जवळ आल्या, आणि माझ्या पट्ट्यावर काही सांडले आहे असे वाटून त्यांनी हातरुमालाने तो पुसून पाहिला. सासूबाईंना वाटले, बघा, कशी मायेने हात फिरवते आहे.

"हा बरा आहे ना गं?" सासूबाईंनी विचारले.

"तुम्हाला कसा वाटतो, आई?"

"छानच आहे की. तुला?"

"मलाही छानच वाटतो."

"मग झालं तर."

वखारवाला धावतच आला. त्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. त्यांनी विचार बदलण्याआधी त्याने माझ्यावरची टोपी काढली आणि खडूने भले मोठे 'विकला' लिहून टाकले. मला तर आकाश ठेंगणे झाले. इतक्या देखण्या शेजाऱ्याला सोडून मला निवडले, तेही दोघींनी एकमताने! जाताना मी हिरवेरावाकडे असे काही रुबाबात बघून घेतले की काय सांगू.

नंतर कारागीर आला. त्याच्या कानावर कायम एक लाल पेन्सिल खोचलेली असे आणि ती तो कायम खिशात शोधत असे. त्याने नव्या घरात जाऊन पुठ्ठ्याचा साचा बनवला, तो माझ्यावर मांडला, सिंकची जागा आखली, मला मापात कापले आणि माझ्या कडा अशा घासल्या की बाळाने डोके आपटले तरी लागू नये. मग मला काचेसारखे उभे धरून जिन्यावरून नेले. दगड आडवा धरून नेला तर स्वतःच्याच वजनाने मधे मोडतो, हे बाहेरच्यांना माहीत नसते. मला उचलणारे चारही गडी घामाघूम झाले. मला कपाटांवर बसवले, सांधे भरले, फडक्याने पुसले, आणि खिडकीतून ऊन माझ्या पट्ट्यावर पडले. माझ्यासारखा सुखी दगड त्या दिवशी जगात दुसरा नसेल.

ते सुख फार टिकले नाही. शेजारीण घर बघायला आली. सूनबाई बाहेर गेल्याचे बघून सासूबाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का, मला तो शेजारचा हिरवा फार आवडला होता. पण हिचं मन याच्यावर बसलं. तिचं घर, तिची हौस. मी कशाला मध्ये पडू?" हे ऐकून मी गार पडलो. म्हणजे होतो त्याहून गार. तरी मनाला समजावले की चला, निदान सूनबाईंना तरी आपण आवडतो.

मग सासूबाई बाजारात गेलेल्या असताना सूनबाईंचा आपल्या ताईशी फोन झाला. "अगं ताई, शेजारीच एक हिरवा होता, काय सुंदर होता म्हणून सांगू. पण आईंना हा आवडला. म्हटलं, जाऊ दे."

घ्या. दोघींनाही हिरवाच हवा होता, आणि दोघींनी एकमेकींसाठी तो सोडला होता. मी कुणाच्याच आवडीचा नव्हतो. चपलेत खडा गेला म्हणून माझे लग्न जमले होते. मी फार खट्टू झालो. आणि खरे सांगायचे तर थोडा घाबरलोही. दोघी एकदा का मोकळेपणाने बोलल्या, की माझी उचलबांगडी ठरलेली.

पण झाले उलटेच. न आवडणाऱ्या दगडाची इतकी बडदास्त कुठे ठेवली गेली नसेल. तिच्या आवडीचा दगड म्हणून सासूबाई माझ्यावर गरम भांडे कधी टेकवत नसत, खाली जाड कापडाची घडी घालत. आईंच्या आवडीचा दगड म्हणून सूनबाई टोमॅटो चिरला की लगेच ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने मला पुसत. एकदा सूनबाईंच्या हातून बिटाचा रस सांडला. आई यायच्या आत डाग गेला पाहिजे म्हणून त्यांनी इतक्या घाईने पुसले की बाटलीतले निम्मे पाणी जमिनीवर आले, आणि सासूबाई दारात येऊन घसरता घसरता वाचल्या. पावाचे पीठ मळून झाले की सासूबाई कडेच्या फटीतला कण न कण काडीने काढीत. माझी झिलई वर्षानुवर्षे पहिल्या दिवसासारखी राहिली. लोक विचारत, "ओटा नवा केलात का?" दोघी एकमेकींकडे बोट दाखवत, "हिची निगा." "छे, आईंचीच."

हळूहळू माझ्या लक्षात आले की या घरात माझ्यासारखे इतर बरेच काही आहे. पडदे जांभळे होते, ते दोघींनाही आवडत नव्हते. सूपमध्ये मीठ कमी असे, कारण आईंना अळणी लागते असे सुनेला वाटे आणि सुनेला अळणी लागते असे आईंना. चहा तर बिनसाखरेचा. सासूबाई आपला कप संपवत, इकडेतिकडे बघत आणि माझ्यावरच्या बरणीतून चमचाभर साखर तोंडात टाकत. त्या गेल्या की सूनबाई येत आणि तेच करत. एकदा दोघी एकाच वेळी आल्या. "मुंग्या तर लागल्या नाहीत ना, बघत होते," एक म्हणाली. "मीही तेच बघायला आले," दुसरी म्हणाली. बरणी बघून दोघी परतल्या.

मुलगा तर यात कधीच पडला नाही. एकदाच तो जेवताना म्हणाला, "या सूपला मीठ कमी आहे का?" दोघींनी मिळून त्याच्याकडे असे बघितले की त्यानंतर त्याने वाटी मुकाट्याने रिकामी करायचे धोरण स्वीकारले.

मला आधी या सगळ्याची गंमत वाटे. मग एकदा सासूबाईंनी दुसरीकडे राहायला जायची गोष्ट निघाली आणि गंमत संपली.

सासूबाईंची बहीण दुसऱ्या गावी एकटी राहत असे. तिने फोन करून विचारले, माझ्याकडेच राहायला येतेस का, कायमची. सासूबाई माझ्यापाशी उभ्या राहून पीठ मळत होत्या. त्यांनी सुनेला ते सहज सांगितल्यासारखे सांगितले. मळणारे हात मात्र थांबले होते.

सूनबाईंनी पिठाचा डबा उगाच पुसला. मग म्हणाल्या, "तुम्हाला तिथे बरं वाटत असेल तर जा ना, आई."

"तसं नाही गं. म्हणजे, तुम्हालाही इथे मोकळं होईल."

"आमचं काय. तुम्हाला हवं तसं करा."

"मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या.

मित्रांनो, हे शब्द मी ओळखले. अगदी याच शब्दांनी मला विकत घेतले होते. सासूबाईंना जायचे नव्हते. सगळे झोपायला गेले की त्या दिवा मालवायच्या आधी माझ्यावरून उगाचच हात फिरवीत उभ्या राहत. सूनबाईंना त्यांना पाठवायचे नव्हते. भाजी चिरताना त्या अधेमधे डोळे पुसत, आणि कांदा तर त्या चिरतच नसत तेव्हा. पण दोघी ठामपणे समजून चालल्या होत्या की दुसरीला हेच हवे आहे. दिवस ठरला. खोलीत मोठी पेटी उघडी पडली. या वेळी न आवडणारा ओटा घरी येणार नव्हता. या वेळी घरातले एक माणूस कमी होणार होते, तेही केवळ भिडेपोटी.

मला पहिल्यांदाच वाटले की आपल्याला तोंड असते तर बरे झाले असते. खरे बाहेर पडले तर सगळ्यात आधी माझीच हकालपट्टी होणार, हे मला कळत होते. तरी म्हटले, होऊ दे. इतकी वर्षे या दोघींनी मला जपले. दगडालाही पाझर फुटतो, मित्रांनो, फक्त तो दिसत नाही.

जायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी सर्वांसाठी पाव भाजायचे ठरवले. वरच्या फळीवरून त्या बिडाचे जड पातेले काढायला गेल्या. ते हातातून निसटले आणि थेट माझ्या कोपऱ्यावर आदळले. खाड्कन आवाज झाला आणि माझा एक चांगला मुठीएवढा तुकडा जमिनीवर पडला.

दुखले का, असे विचारू नका. दुखले. पण सासूबाईंचा चेहरा बघून मी माझे दुखणे विसरलो. त्या मटकन स्टुलावर बसल्या. "तिच्या आवडीचा दगड," त्या पुटपुटल्या. "आणि मी जाता जाता तो फोडून चालले." त्यांनी तुकडा रुमालात बांधून पेटीत कपड्यांखाली लपवला, तुटक्या कोपऱ्यावर फळांची टोपली ठेवली आणि दबक्या आवाजात कारागिराला फोन लावला. "उद्या सकाळी लवकर या. पण सुनेला कळता कामा नये."

संध्याकाळी सूनबाईंनी सफरचंद घ्यायला टोपली उचलली. तुटका कोपरा दिसला.  आईंच्या आवडीचा दगड फुटला आणि आई दुःखाने बोलल्याही नाहीत, असे त्यांना वाटले. त्यांनी टोपली होती तशी ठेवली, गच्चीत जाऊन कारागिराला फोन लावला आणि म्हणाल्या, "सकाळी लवकर या. आई निघायच्या आधी कोपरा पूर्वीसारखा करून द्या. पण त्यांना काही कळू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागीर दारात उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. लाल पेन्सिल तशीच कानावर होती.

"अगं, तू आंघोळीला जा ना," सासूबाई सुनेला म्हणाल्या.

"तुम्ही आधी जा, आई. तुम्हाला निघायचंय."

"नाही, तू जा."

कारागिराने पिशवी खाली ठेवली. "हे बघा," तो म्हणाला, "मला एकाच ओट्यासाठी दोन फोन आले. दोघींनी एकमेकींपासून लपवायला सांगितलं. आता तुम्ही दोघी समोर उभ्या आहात, तर मी कुठे लपवू?" त्याने टोपली बाजूला केली आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "असा दगड आता मिळणार नाही. एक तर कोपरा गोल घासून देतो, नाहीतर सगळाच ओटा बदला. बोला, काय करू?"

"तिला हवं ते करा," सासूबाई म्हणाल्या.

"आईंना हवं ते करा," सूनबाई म्हणाल्या.

"ते कळलं. पण हा दगड आवडतो कुणाला? जिला आवडतो तिलाच विचारतो."

"हिला," सासूबाईंनी बोट दाखवले.

"आईंना," सूनबाईंनी बोट दाखवले.

कारागीर आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला. किटलीतले पाणी उकळून उकळून आटत होते, तिकडे कुणाचे लक्ष नव्हते.

"मला?" सासूबाई म्हणाल्या. "मला तो कुठे आवडला होता? तुझं मन त्याच्यावर बसलं ना. तू रुमालाने पुसत होतीस."

"मला वाटलं, काही सांडलंय. तुम्हीच त्याला टेकून उभ्या होतात."

"माझ्या चपलेत खडा गेला होता गं."

सूनबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मग तुम्हाला कोणता आवडला होता?"

"तो शेजारचा. हिरवा."

"आई, मलाही तोच आवडला होता."

आधी सासूबाई हसल्या. मग सूनबाई हसल्या. मग दोघी इतक्या हसल्या की त्यांना एकमेकींना धरून उभे राहावे लागले. आवाज ऐकून मुलगा धावत आला. "मीठ," सासूबाई हसता हसता सुनेला म्हणाल्या, "मीठ तरी तुला चालतं का गं?" "खूप चालतं, आई. आणि साखरही." "आणि ते जांभळे पडदे?" "शी." मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी ते अळणी सूप कशासाठी पीत होतो?" 

मग सूनबाईंचे हसू एकदम ओसरले. त्यांनी उघड्या दारातून पेटीकडे पाहिले.

"आई, मावशींकडे जायचं, तेही असंच का?"

 सासूबाईंच्या ओठांवर सवयीचे तेच वाक्य आले असावे, कारण त्यांनी तोंड उघडले आणि परत मिटले. मग त्या म्हणाल्या, "मला जायचं नाही."

"तुम्ही गेलेलं मलाही नकोय. मला. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

त्यावर दोघी रडल्या. कारागीर संकोचून खिडकीबाहेर बघू लागला आणि खिशात पेन्सिल शोधू लागला. मुलाने आईला पाणी दिले, बायकोला दिले आणि उरलेले स्वतः प्यायला. पेटीतले कपडे परत कपाटात गेले. मावशींना फोन झाला, आणि हिवाळ्यात महिनाभर तूच ये, असे बोलणे झाले.

आता राहिला माझा प्रश्न. कारागीर म्हणाला, "वखारीत परवाच तसा हिरवा आलाय. बघून या." दोघी लगेच निघाल्या. मी तुटक्या कोपऱ्याने घरात एकटा राहिलो. मित्रांनो, वाईट वाटले, पण तुम्हाला वाटते तितके नाही. आत पेटी रिकामी होती आणि ती मला दिसत होती. तेवढ्यावर मी डोंगराच्या पोटात परत जायलाही तयार होतो.

दुपारी दोघी परत आल्या त्या भांडतच. हो, चक्क भांडत. त्या घरातले पहिले भांडण मी कान देऊन ऐकले.

"मला हिरवा हवाय," सासूबाई म्हणत होत्या. "तेव्हाही हवा होता, आताही हवाय."

"आणि मला नकोय. मला हाच ठेवायचाय."

"अगं, हा तुला आवडत नाही ना?"

"नव्हता आवडत." सूनबाईंनी माझ्यावर पिशवी ठेवली, मग सवयीने उचलून आधी खालून पुसली आणि परत ठेवली. "पण तुमच्यासाठी म्हणून इतकी वर्षं जपला, रोज पुसला, आणि कधी आवडायला लागला ते कळलंच नाही. तिथे त्या हिरव्यासमोर उभी राहिले तर मला याचाच पट्टा आठवायला लागला. आई, मला हा हवाय. मला म्हणजे मला."

सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. इतक्या वर्षांत सुनेने त्यांच्याकडे काही मागितलेले त्यांना आठवत नसावे.

"मग ठेव," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मला हा आवडत नाही, आणि ते मी आता रोज सांगणार."

"सांगा."

"आणि पडदे मी निवडणार."

"निवडा. पण आवडले नाहीत तर मी बोलणार."

कारागिराने माझा कोपरा गोल घासून दिला. पडदे नारिंगी आले, ते सूनबाईंना आवडले नाहीत, त्यांनी तसे सांगितले, आणि ते पडदे खुशाल लटकत आहेत. सूपमध्ये मीठ आहे, चहात साखर आहे. साखर जरा जास्तच होते अशी मुलाची तक्रार आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा कुणी भाऊबंद असेल. त्याच्यावर तापलेली कढई थेट टेकवू नका. संगमरवर असेल तर लिंबाचा रस लगेच पुसा. जड भांडी वरच्या फळीवर ठेवू नका. दगडाला काय हवे ते तो सांगू शकत नाही, म्हणून ते तुम्हीच ओळखून त्याला जपा. पण तुमची आई, आजी, भाऊ, मैत्रीण यांना तोंड आहे. त्यांचे मन ओळखत बसू नका, सरळ विचारा. आणि त्यांनी विचारले तर आपलेही सरळ सांगा.

बरे, आता मला थांबायला हवे. सासूबाई पीठ घेऊन आल्या आहेत. बाह्या वर करून झाल्या, माझ्यावर पिठाची मूठ पसरून झाली, आणि सूनबाई ऐकत आहेत ना, हे त्यांनी एकदा मागे वळून पाहिले आहे.

"काय बाई हा रंग," त्या म्हणत आहेत. "मला नाही आवडत."

"मला आवडतो," आतून उत्तर आले आहे.

असे रोज चालते, आणि रोज मला नव्याने आनंद होतो.